साखर दिसेल अशी काच

स्वयंपाकघरातल्या कपाटाला काचेची दारं लावायचं मीच ठरवलं. आमची ही हल्ली विसरते. लाकडी दार लागलं की आतली साखर तिच्यासाठी जगातून जाते. मग ती ओट्यापाशी नुसती उभी राहते आणि चहा न करताच परत येते. आयुष्यभर तिनंच मला चहा पाजला. तो तिच्या हातून जाऊ द्यायचा नाही, एवढंच माझ्या मनात होतं.

मुलगा म्हणाला, "बाबा, दुधी काच लावा. आतला पसारा दिसत नाही."

"पसाराच दाखवाचा आहे तिले."

शाळा मी फारशी पाहिली नाही, पण माझ्या घरात काय दिसावं ते मला कोणी शिकवायचं नाही.

साखरेची बरणी पिशवीत घालून नंदनवन भागातल्या काचेच्या दुकानात गेलो. टळटळीत दुपार, आत कूलरची घरघर, भिंतीला टेकलेल्या काचांत हिरवट उजेड साचलेला. दुकानदाराला एकेका काचेमागं बरणी धरायला लावली आणि आमच्या ओट्यापासून कपाट जितकं लांब, तितका मागं सरून पाहत राहिलो. दुधी काचेमागं बरणी धुक्यात गेली. धारीदार काचेमागं पाण्यात बुडाल्यासारखी हलली. तपकिरीमागं साखरेचा गूळ झाला. तिला सारं असंच दिसत असेल का, कधी धुकं, कधी पाणी, असं वाटून मी तिथंच हरवलो.

"बाबाजी, काच घेऊन राहिले का चहाची टपरी टाकून राहिले?"

"तू नीट धर गा. हात काहून हालते तुहा?"

साधी, आरपार काच घेतली. माप देऊन ती भट्टीत कडक, टफन करवली. तिचा धक्का लागून फुटली तरी बारीक दाणे व्हावेत, सुरे नकोत.

दारं बसली. दुसऱ्या दुपारी दिवाणावर डुलकी लागली होती, तेवढ्यात चमचा वाजला. साखर तिनंच काढली होती. काचेत तिची छबी पडली होती आणि ही तिच्याशी बोलत होती.

"बस ना वं, उभी काहून? चहा होऊनच राहिला."

मुलगा माझ्या कानाशी म्हणाला, "बाबा, ही काच बदलू. आई कोणाशी बोलून राहिली?"

"बोलू दे. चहा ठेवला ना तिनं?"

तिनं तीन कप आणले. एक मला, एक स्वतःला. तिसरा तसाच निवत राहिला.

"त्या काचेतलीले नाही देत का?" मी विचारलं.

"लाजते थे. तुम्हीच पिऊन टाका."

प्यालो. साखर बरोबर होती.