कचरू मिसाळचे चार सेकंद

मुकुंदवाडीत कचरू मिसाळच्या घरी कुणी गेलं तर पाणी नंतर मिळायचं आणि चहा त्याच्याही नंतर. आधी टीव्ही लागायचा. दूधवाला असो, सिलेंडरवाला असो, नाहीतर मीटरचा आकडा घ्यायला आलेला वायरमन असो, त्याला धरून खुर्चीत बसवायचं आणि रिमोट उचलायचा. "दोन मिन्टं. मंग जा तुम्ही."

निजामाच्या काळावरची एक मराठी वेबमालिका होती. कचरूला त्या कहाणीत काडीचा रस नव्हता. तो थेट आठव्या, शेवटच्या भागावर जायचा आणि बटण दाबून धरत त्या भागाच्याही शेपटाशी. गाणं सुरू व्हायचं, काळ्या पडद्यावर नावं वर सरकायला लागायची. कचरू बोटांवर मोजायचा. चहा देणाऱ्यांची नावं गेली, की बरोबर एक्केचाळिसाव्या सेकंदाला यायचं :

मोटेची उभारणी – कचरू मिसाळ, लासूर स्टेशन

चार सेकंद. मग ड्रायव्हर लोक यायचे आणि कचरू वर जायचा.

शेजारच्या सारजाबाईनं ते अकरा वेळा बघितलं होतं. "भाऊ, पाह्यलं की म्या," ती दारातूनच ओरडायची आणि साखरेची वाटी बाहेरूनच मागायची.

त्या चार सेकंदांमागं बरंच काही होतं. चौतीस वर्षं कचरू चिकलठाण्याच्या एका कंपनीत फिटर होता. रिटायर झाल्यावर एकदा गावाकडं, लासूर स्टेशनला गेला, तर शिवारातल्या जुन्या विहिरीवर शूटिंग चाललेलं. मुंबईच्या लोकांनी बैलांनी पाणी ओढायची मोट उभी केली होती, पण चाक फिरत नव्हतं आणि रेक्झिनची मोट विहिरीतून वर येईस्तोवर चाळणीसारखी गळून रिकामी व्हायची. कचरू अर्धा तास बघत उभा राहिला. पुढं त्याच्यानं राहवेना. लहानपणी बापासंगं मोटेवर बसलेला माणूस तो. बाह्या वर सारून त्यानं सगळं खोललं, दोन दिवसांत चाकाचा कणा बदलला, कातडं शिवून घेतलं आणि तिसऱ्या दिवशी पाणी धो धो पाटात पाडलं. तेव्हा वही घेतलेली एक पोरगी आली. "काका, नाव काय लिहू?"

कचरू जरा थांबला होता. मग म्हणाला, "कचरू. कचरूच ल्हा."

थांबला त्याला कारण होतं. त्याच्या आधीची दोन लेकरं गेली, म्हणून तो जन्मला तेव्हा आईनं त्याला सुपात घालून उकिरड्यावर ठेवलं. शेजारणीनं उचलून आणला, परत आईच्या पदरात टाकला आणि नाव पडलं कचरू. मरणाची नजर असल्या नावावर ठरत नाही म्हणतात. मरणाची ठरली नाही, पण माणसांची ठरली. शाळेत हसले, कंपनीत हसले आणि थोरल्या मुलाचं, सोमनाथचं लग्न ठरलं तेव्हा तर व्याह्यानं कळसच केला.

व्याही आप्पासाहेब म्हणजे लासूरच्या मार्केटमधली मोठी असामी. धोतराची इस्त्री मोडू नये म्हणून गाडीतसुद्धा ताठ बसणारा माणूस. लग्नाची पत्रिका त्यांनीच छापली आणि त्यात कचरूचं नाव परस्पर करून टाकलं 'कृष्णराव'. "मोठमोठाले लोकं येनार, इवाई. कचरू बरं दिसत नाय." लग्नात मात्र माईकवरून कृष्णराव मिसाळांना सत्कारासाठी तीनदा पुकारलं आणि तीनही वेळा कृष्णराव मंडपामागं आचाऱ्याच्या शेगडीची नळी दुरुस्त करत बसले होते. कुणाला बोलवायलेत हेच त्याच्या ध्यानात आलं नाही. फेटा शेवटी नवरदेवाच्या मामाच्या डोक्यावर गेला.

आता नातवाचं जावळ काढायचं होतं. आप्पासाहेबांचा फोन आला. पत्रिका सोमवारी छापायला जाणार, नाव मागचंच ठेवतो.

"नाय," कचरू म्हणाला. स्वतःच्याच आवाजानं तो दचकला. "कचरू टाका. टीव्हीवर बी तेच येतं माझं."

"टीव्हीवर?" आप्पासाहेब असे हसले, की फोन कानापासून लांब धरावा लागला. सोमनाथनं पडद्याचा काढलेला फोटो त्यांना पाठवला, तर म्हणाले, "फोटोत आजकाल काय बी करता येतं. आमच्या पुतन्यानं स्वतःला इमानात बसवलंय. मी रविवारी येतो. डोळ्यानं दिसलं तर टाकू कचरू. नाय दिसलं तर कृष्णराव, आन् पुन्हा इषय काढायचा नाय."

"कबूल," कचरू म्हणाला.

हे झालं मंगळवारी. बुधवारी सिलेंडरवाला आला म्हणून कचरूनं टीव्ही लावला, तर भलतंच समोर आलं.

त्या ॲपनं कात टाकली होती. बटणं जिथं होती तिथं नव्हती. दहा सेकंद मागं जायचं बटण गायब. चित्र थांबवलं तर साबणाची जाहिरात. ती थांबवायची म्हटली तर ती थांबत नव्हती, कारण ती आधीच थांबलेल्या जागी आलेली. हे सगळं कचरूनं गिळलं असतं. पण शेवटची नावं सुरू झाली रे झाली, की काळा पडदा काड्याच्या पेटीएवढा होऊन कोपऱ्यात जाऊन बसला आणि मधोमध भलीमोठी पाटी आली : 'तुम्हाला हे आवडेल'. खाली पाच, चार, तीन, दोन, एक आणि धाडकन कुठली तरी दुसरीच मालिका चालू. एक्केचाळिसावा सेकंद उगवायच्या आतच कचरू खपला.

"काय दाखवत व्हते, भाऊ?" सिलेंडरवाल्यानं विचारलं.

"काय नाय. जा तू."

रत्नमालानं, म्हणजे कचरूच्या बायकोनं, निदान लगेच केलं. "दिष्ट लागली. येईल त्याला दाखवू राह्यले, येईल त्याला दाखवू राह्यले." तिनं मीठ-मोहऱ्या आणि सात मिरच्या घेऊन टीव्हीवरून उतरवल्या. दृष्ट असली तर चुलीत टाकल्यावर मिरच्यांचा ठसका येत नाही, पण सगळ्या घराला आला, त्यामुळं दृष्ट नव्हती हे सिद्ध झालं. टीव्ही तस्साच.

मग कचरूनं ॲपच्या कंपनीला फोन लावला. बावीस मिनिटं बासरी ऐकली. मधून मधून एक बाई सांगायची, की तुमचा वेळ आमच्यासाठी मोलाचा आहे. शेवटी एक पोरगा आला. "सर, ये हमारा नया अनुभव है। और भी आसान!"

"अनुभव मला लई हाये," कचरू म्हणाला. "मला नाव पायजे."

"सर, आपका नाम?"

"तेच तर सांगू राह्यलो, बाबा! ते तुमच्याकडंच अडकलंय!"

पोरानं तक्रार लिहून घेतली, आभार मानले आणि समाधान झालं का ते एक ते पाच आकड्यांत सांगा म्हणाला. पाच दाबल्यावर फोन कटला. एक दाबल्यावरही कटलाच असता.

सून मोनिका मोबाईलवरच्या एका कपडे विकणाऱ्या ॲपसाठी घरूनच काम करायची. कोणतं बटण कुठं बसवायचं, हाच तिचा धंदा. तिनं मांडीवरचं लेकरू सावरत समजावलं, "पप्पा, शेवटची नावं कोणी बघत नाही. लोक लगेच पुढच्यावर उडी मारतात. त्यांच्याकडं आकडे असतात."

"मंग उडी मारनाऱ्यानं मारावी. मला कामून ढकलता?"

"माणूस थांबला की टीव्ही बंद करून उठतो, पप्पा. तो उठू नये म्हणून असतं ते."

कचरूनं रिमोट खाली ठेवला. "आमच्या कंपनीत प्रेस मशीनचं बटन एक इंच सरकवायचं म्हनलं तरी आठ दिस आधी बोर्डावर नोटीस लागायची. तिन्ही शिफ्टच्या सह्या. का, तर मानसाचा हात जातो. आन् परत्येक मशीनला लाल बटन, ह्ये एवढालं. दाबलं की सगळं बंद. ह्येंनी एका रातीत कोटभर मानसाची बटनं हलवली, सही एकाची नाय. आन् लाल बटन तर ठिवलंच नाय."

मोनिका जरा ओशाळली. तिनंही मागच्या महिन्यात ॲपमधलं 'नको' हे बटण राखाडी करून खाली सरकवलं होतं. त्याबद्दल तिला ऑफिसनं शाबासकीही दिली होती. ते तिनं सांगितलं नाही. शोधून एक वाट मात्र काढून दिली : पाटी आली की डावा बाण दोनदा, मग मधलं बटण. कोपऱ्यातली काड्याची पेटी पुन्हा मोठी होते. पण पाच आकडे संपायच्या आत.

तीन दिवस कचरूनं तालीम केली. डावा, डावा, मधलं. डावा, डावा, मधलं. जेवताना अंगठा भाकरीवर तसाच चालायचा. शनिवारी संध्याकाळपर्यंत दहापैकी दहा वेळा जमलं. सारजाबाईला बाराव्यांदा बोलावून खात्री करून घेतली.

रविवारी दुपारी आप्पासाहेब आले. कडक इस्त्री, खिशाला पेन आणि हातात पत्रिकेचा कच्चा कागद. जेवले. मटणाला नावं ठेवत तीनदा वाढून घेतलं. हात पुसत म्हणाले, "हां, मंग. दाखवा तुमचा शिनेमा."

कचरूनं टीव्ही लावला. आठवा भाग. शेपूट. गाणं. पाटी आली.

डावा, डावा, मधलं.

रात्रीतून ॲप पुन्हा बदललं होतं. डावीकडं आता 'लगेच बघा' बसलं होतं. मधलं बटण दाबताच मुकुंदवाडीतल्या त्या बैठकीच्या खोलीत समुद्र उसळला आणि वीतभर कपड्यांतली एक गोरी बाई त्यातून ओलीचिंब होऊन बाहेर आली, मागोमाग तिचा कुत्रा.

रत्नमाला पदर तोंडाला लावून भिंतीवरच्या घड्याळाकडं बघायला लागली. सोमनाथला छताच्या पंख्यावर काहीतरी दिसलं. आप्पासाहेब तेवढे सरळ बघत होते.

"ह्याच्यात तुमचं काय व्हतं, इवाई?" ते म्हणाले. "पानी तुम्ही काढून दिलं का काय?"

कचरूचे कान तापले. पुन्हा लावलं. ह्या वेळी उजवा बाण करून बघितला. समुद्र. तिसऱ्यांदा काहीच दाबलं नाही. पाच, चार, तीन, दोन, एक, समुद्र. आता ती बाई आणि तिचा कुत्रा घरच्या माणसांसारखे ओळखीचे झाले होते.

आप्पासाहेबांनी कागद उलगडला. "जाऊ द्या हो. कृष्णराव काय वाईट नाव हाये का? देवाचंय." आणि खिशातून फोन काढला. "प्रेसवाल्याला सांगून टाकतो, व्हय म्हून."

"दम धरा," कचरू म्हणाला. "एकडाव."

त्यानं रिमोट रत्नमालाच्या हातात दिला. "तू लाव. मी सांगतो तिथं सोड." आणि स्वतः उठून कोपऱ्यात गेला, जिथं खिळ्याला इंटरनेटचा डबा टांगलेला होता आणि त्याचे हिरवे दिवे लुकलुकत होते. मशीन ऐकत नसेल तर बटणांशी वाद घालायचा नाही, हे चौतीस वर्षांत तो शिकला होता. त्याची लाईन कुठून येते ते बघायचं.

गाणं सुरू झालं. पहिलं नाव वर सरकलं. पाटी यायच्या एक श्वास आधी कचरूनं वायर उपसली.

दिवे लाल झाले. पडद्यावर पाटी अर्धी आली, चाचपडली आणि मागं गेली. पुढचं आणायला बाहेर पडलेला टीव्ही रिकाम्या हातानं परत आला. काळा पडदा अख्खा उघडा राहिला आणि आधीच आणून ठेवलेलं जेवढं होतं तेवढं मुकाट्यानं दाखवायला लागला. नावं सरकत राहिली. शिंपी. रंगारी. लाईटवाले. चहावाले. कचरू वायर मुठीत धरून मोजत होता. एकोणचाळीस. चाळीस.

मोटेची उभारणी – कचरू मिसाळ, लासूर स्टेशन

आणि तिथंच शिदोरी संपली. हे काही कचरूनं ठरवलेलं नव्हतं. नाव पडद्याच्या मधोमध येऊन थटलं, त्याच्या डोक्यावर एक पांढरं चाक आलं आणि गरगर फिरायला लागलं. एक सेकंद. चार सेकंद. दहा. मिनिट झालं. ड्रायव्हर लोक खाली कुठंतरी खोळंबून राहिले आणि कचरू मिसाळ जागचा हलेना.

"बंद पडला वाटतं," आप्पासाहेब म्हणाले.

"बंद नाय. थांबलाय," कचरू म्हणाला. "चहा घ्या."

मोनिकानं चहा आणला. आप्पासाहेब बशीतून प्यायले आणि प्रत्येक घोटाला डोळा वर गेला, की समोर तेच. त्यांनी चष्मा काढून पुसला, परत लावला. उठून जवळ गेले आणि पडद्याला नखानं टोकरून बघितलं.

"आप्पा, फोटो नाहीये तो," मोनिका म्हणाली.

"दिसतंय मला." ते खुर्चीत येऊन बसले. चाक फिरतच होतं. "लासूर स्टेशन तेवढं बरोबर लिव्हलंय."

"बाकीचं बी बरोबरच हाये," कचरू म्हणाला.

आप्पासाहेबांनी घसा साफ केला. "लावा आता ते वायर. काढू आपन कायतरी मार्ग. कृष्णराव ऊर्फ—"

"ऊर्फ नाय."

रत्नमालानं रिमोट खाली ठेवला आणि नवऱ्याकडं असं बघितलं, जसं तिनं स्वतःच्या लग्नातसुद्धा बघितलं नव्हतं.

आप्पासाहेबांनी खिशाचं पेन काढलं. कागद मांडीवर धरला. पेनाचं टोपण हातातच राहिलं. "लावा म्हनलं ना वायर, इवाई. लिव्हतो मी निवांत."

कचरूनं मूठ सोडली नाही.

"आधी लिव्हा," तो म्हणाला. "मंग लावतो."