वाकड्या रोहूची पारख

समस्त पारनेर तालुक्यास अत्यंत गांभीर्याने कळविण्यात येते की, आमच्या मेहुण्याच्या शेततळ्यातील माशांना पाठीचा विकार जडला आहे. सर्वांनी शांतता राखावी.

ही दवंडी मी तळ्याच्या बांधावर उभा राहून, तोंडापुढे हाताचा कर्णा करून दिली, तेव्हा मेहुणा हसला नाही. त्याच्या हातात जाळ्यातून काढलेला रोहू होता. डोक्यापासून निम्म्यापर्यंत सुबक, आणि पुढे कुणीतरी पिळून वाळत घातल्यासारखा. सगळे तसे नव्हते, पण बरेच होते.

"दाजी, चेष्टा मागनं करा," तो म्हणाला. "आबा बघत्यात."

आबा म्हणजे माझे सासरे. तळं डाळिंबासाठी खोदलेलं; त्यात मासे सोडायची परवानगी त्यांनी एका हंगामापुरती दिली होती. राहुरीच्या रस्त्यावरच्या एका ढाब्यानं रोजचे मासे लावून घेतले, तर पुढच्या वर्षी पुन्हा सोडायचे. नाहीतर तळ्यात नुसतं पाणी. मेहुण्याचा मात्र त्या माशांवर जीव जडला होता. सकाळी चहाचा कप घेऊन तो बांधावर जायचा आणि खाद्य टाकता टाकता त्यांच्याशी बोलायचा. बायकोशी तो एवढा बोललेला मी तरी ऐकलेला नाही.

गावानं निदानाला उशीर लावला नाही. तळं चौकोनी, त्यामुळे कोपऱ्या-कोपऱ्यात वळून माशांची कंबर धरली, असं एकाचं मत पडलं. दुसऱ्यानं मोटरच्या करंटवर संशय घेतला. तिसरा स्वतःच कमरेला पट्टा बांधून आला होता. त्यानं अनुभवानं सांगितलं की सगळा दोष गार पाण्याचा. शेवटी मेहुण्यानं मासेपालनातल्या जाणकार, ओळखीच्या एका बाईंना मोबाईलवर फोटो पाठवले. बाईंनी उलट विचारलं, खाद्याची पोती कुठं ठेवता?

कांद्याच्या चाळीशेजारी, पत्र्याखाली. अख्खा उन्हाळा.

त्या धगीनं खाद्यातलं जीवनसत्त्व गेलं असावं आणि मासे लहान असतानाच त्यांचा कणा वाकला असावा, असं त्यांनी सांगितलं. आता तो सरळ होणार नाही. खायला काही हरकत नाही. पुढच्या खेपेला पोती सावलीत ठेवा.

"पुढची खेप," मेहुणा आबांकडे बघत म्हणाला. आबा आभाळाकडे बघत होते.

मेहुण्याच्या बायकोनं क्रेट भरले. सरळ मासे वर, वाकडे तळाला.

"वहिनी, ही फसवणूक झाली," मी नाटकी आवाजात म्हणालो.

"दाजी, टोमॅटो असाच जातोय की मार्केटला. मासा काय लई शाना लागून गेला?"

ढाब्याचा मालक पूर्वी बैलबाजारात दलाली करायचा. टेम्पोतून क्रेट उतरले, तसे त्यानं वरचे एक-दोन सरळ मासे बायकोकडे तळायला दिले, आणि मग कोपरापर्यंत हात घालून थेट तळातला मासा उपसला. तो टेबलावर आडवा टाकला. स्वतः टेबलाभोवती एक फेरी मारली. शिंगं शोधतोय की काय, असं मला वाटून गेलं. मग त्यानं माशाच्या पाठीवरून शेपटीपर्यंत अंगठा ओढला, तोंड उघडलं आणि आत बोट फिरवलं.

"अदात हाय," तो म्हणाला. दुधाचे दात न पडलेल्या गोऱ्ह्याला बाजारात अदात म्हणतात. रोहूच्या जबड्यात दात नसतातच, हे सांगायची ती वेळ नव्हती. "पन पाठीत खोड हाय. असली पाठ कुनाच्या गळ्यात मारली असती, तर बाजारातनं हाकललं असतं मला."

"शेठ, नांगराला जुपायचाय का त्याला?" मेहुणा म्हणाला.

"गिऱ्हाईक काचंतनं बघून मासा निवडतंय, पाव्हणं. समदे सरळ द्या, रोज घेतो. असले मिसळून आनायचे असतील, तर नगं."

मेहुण्यानं क्रेटकडे पाहिलं. वाकडे काढले तर रोज देण्याइतका माल उरत नव्हता. मीही चेष्टा सोडून मुकाट वाकडे मासे मोजायला लागलो. घरच्यांना हे सांगितलं, तर कुणी विश्वास ठेवणार नाही.

"एक तळून तर बघा," मेहुणा म्हणाला. "चव वाकडी लागली, तर सगळं भरून परत नेतो."

मालकानं नाराजीनं तो मासा बायकोपुढे सरकवला. ती कढईपाशी आमच्या सरळ रोहूशी झुंजत होती. त्याचं अंग तेलात आणि शेपटी काठाबाहेर. झाऱ्यानं इकडून दाबावा, तर तिकडून डोकं वर येत होतं, आणि तेल गळून जाळ भडकत होता. तिनं त्याला वैतागून बाहेर काढलं, वाकड्याला मीठ-मसाला फासला आणि तेलात सोडला. तो कढईच्या पोटाला लागून गोल बसला. डोकं आत, शेपटी आत. तिनं झारा उगारला होता, पण दाबायला काही उरलंच नाही. तोच झारा हलवत ती गिऱ्हाइकांसकट सगळ्यांना ऐकू जाईल अशी नवऱ्यावर ओरडली:

"अवो, सरळ तेवढं तुमी काचंत मांडा शोभंला! मला हेच द्या, ह्यांची शेपटी तरी कढईभाईर येत न्हाई!"