गाडीचा रंग

"कोई मुसलमान गवाह है?"

ठाण्यात तक्रार लिहिणाऱ्या मुन्शीनं असं विचारलं, आणि माझे बाबा त्याच्या समोरच उभे होते. सदरा छातीपासून खालपर्यंत रक्तानं भरलेला. ते रक्त बाबांचं नव्हतं, आमच्या शेजारच्या जमीलाखालाचं, म्हणजे जमीलामावशीचं, होतं. भाजी घेऊन रस्ता ओलांडताना मालाच्या एका छोट्या गाडीनं तिला उडवलं आणि गाडी पळून गेली. बाबांचं सायकल दुरुस्तीचं दुकान तिथंच, समोर. त्यांनी गाडी येताना बघितली, धडकताना बघितली, पळताना बघितली. खालाला उचलून रिक्षात घातलं, दवाखान्यात पोचवलं आणि तसेच पोलीस ठाण्यात आले. मी नऊ वर्षांची. दुकानात एकटी कुठं ठेवायची, म्हणून मलाही बरोबर घेतलेलं. हे कराचीतलं सांगतेय.

हो, कराचीच. मराठी हिंदू माणसं आहेत तिथं, आजही. माझे पणजोबा गोदीत कामाला गेले आणि तिथंच राहिले. फाळणी झाली तरी राहिले. घरात मराठी, रस्त्यावर उर्दू. गणपती बसतो आमच्याकडं. इथं कुणालाही हे सांगितलं की तोंडाचा आ होतो, म्हणून आधीच सांगून टाकते.

तर मुन्शी. त्यानं वही उघडली होती, लिहायला घेतलं होतं. "नाम?" बाबा म्हणाले, विठ्ठल. पेन थांबलं. त्यानं मान वर केली. "हिंदू हो?" बाबा म्हणाले, "जी." मग तो बाबांच्या खांद्यावरून मागं बघत म्हणाला, "कोई मुसलमान गवाह है?"

दारात आमचा दूधवाला उभा होता. खालाला रिक्षात घातल्यावर तो तिथं पोचला होता. त्यानं गाडी तर सोडाच, गाडीचा धूरसुद्धा बघितला नव्हता. मुन्शीनं त्याला खुर्ची दिली. आम्हाला म्हणाला, बाहेर थांबा.

आम्ही व्हरांड्यात थांबलो. थोड्या वेळानं दूधवाला बाहेर आला. मान खाली. "उस्ताद, गाडी का रंग क्या था?" बाबा म्हणाले, "आसमानी." तो आत गेला. आतून त्याचा आवाज आला, "आसमानी, साहब." परत बाहेर आला. "किधर से आई थी?" बाबांनी सांगितलं. परत आत. असं तीन-चार वेळा झालं. बाबांनी डोळ्यांनी बघितलेलं सगळं त्या वहीत दूधवाल्याच्या नावावर लिहिलं गेलं. खाली त्याचा अंगठा. बाबांचं नाव खोडलेलं मी जाता जाता बघितलं.

कायदा तसा होता की ते त्या मुन्शीच्याच डोक्यातलं होतं, मला तेव्हा कळलं नाही आणि आजही ठाऊक नाही. काय फरक पडतो? वही त्याच्या हातात होती.

घरी आल्यावर बाबांनी सदरा स्वतः धुतला. आईला हात लावू दिला नाही. दगडावर घासत बसले, लई वेळ. मी बाजूला. मला म्हणाले, "आपल्याला दिसतं गं पोरी. पण आपण बघितलेलं कुणी धरत नाही." एवढंच बोलले. पुन्हा कधी तो विषय काढला नाही.

खाला प्लास्टर बांधून घरी आली आणि तिला हे कळलं, तर तिनं सगळी गल्ली डोक्यावर घेतली. "उस मुन्शी के मुँह में ख़ाक! मुझे उठाया किसने?" जो भेटायला येईल त्याच्यासमोर तेच. खालाचं माझ्यावर प्रेम होतं, माझं तिच्यावर. तिथल्या माणसांचं मी वाईट बोलणार नाही. पण शाळेच्या पुस्तकात लिहिलेलं होतं की सगळे नागरिक बराबर. मी बाईंना विचारलं, मग मी मोठी होऊन वज़ीर-ए-आज़म, म्हणजे पंतप्रधान, होऊ शकते का? बाई चांगल्या होत्या. डोक्यावर हात ठेवून म्हणाल्या, "बेटा, तुम डॉक्टर बन जाना." पोरी हसल्या. मीही हसले, कारण मला कळलंच नव्हतं. हिंदूला तिथं ते होताच येत नाही हे कळलं, तेव्हा घरी येऊन पुस्तक पलंगाखाली फेकलं.

बाविसाव्या वर्षी माझं लग्न झालं. नात्यातूनच जमलं. सरहद्द ओलांडून इकडं, नगरजवळच्या घोडेगावात आले. नवऱ्याचं गुरांच्या बाजारात दुकान, दावी, कासरे, घुंगुरमाळा. मला वाटलं, सुटले बाई. आता मी आपल्या माणसांत आले. आता मला कुणी विचारणार नाही, तू कोण.

पहिल्याच आठवड्यात माझं नाव पडलं. पाकिस्तानची. "पाकिस्तानची सून", "ती पाकिस्तानची आली बघ". पोरं ओट्यावरून ओरडायची. पिठाच्या गिरणीत माझा डबा शेवटी. सरहद्दीवर कधी काही झालं की दोन पोलीस घरी येणार, कागद बघणार, सासूला विचारणार, सून कुठं जाते, कुणाशी बोलते. माझी नणंद भिंगारला दिलेली. भिंगार लष्कराच्या छावणीच्या हद्दीत, आणि माझ्या व्हिसावर छावणीची हद्द बंद. पंधरा वर्षं झाली, सख्ख्या नणंदेचं घर मी बघितलेलं नाही. तिच्या पोराच्या बारशाला सगळे गेले. मी चूल सांभाळली.

मला ह्या गावात माणूस केलं ते मुमताजभाभीनं. भिंतीला भिंत लागून घर. तिचा नवरा बैलांना नाल मारायचा, आता गोरक्षकांच्या भीतीनं बाजारात जात नाही, घरीच असतो. मी आले तेव्हा माझ्या तोंडात उर्दू. कुणी काही दिलं की पटकन शुक्रिया. भाभी एकदा भांडी घासता घासता खो खो हसली. "शुक्रिया म्हनू नको गं बाई! लोकं तुलाच मुसलमान समजत्यान. आन मी बघ, इथं जल्मली तरी एक शब्द उर्दूचा धड येत न्हाई मला." तिनं मला 'हाय' आणि 'न्हाई' शिकवलं, बाजारात घासाघीस शिकवली, भाकरी थापायला शिकवली. मला ती लाडानं कराचीवाली म्हणते. तिच्या तोंडून ते मला कधी लागलं नाही.

माझ्या कळा सुरू झाल्या तेव्हा नवरा बाजारात, सासू देवाला गेलेली. भाभीनं रस्त्यात उभं राहून टेम्पो अडवला. टेम्पोत शेरडं. "उतरव तुजी शेरडं, हितं बाई मरायलीय!" असं म्हणून ती उतरवायला लावली आणि मला आत घातलं. नगरपर्यंत माझं डोकं तिच्या मांडीवर होतं. पोरीला सगळ्यात आधी हातात घेतलं ते तिनं.

आता फॉर्मचं सांगते.

नागरिकत्वाच्या अर्जाला दोन भारतीय माणसांची ॲफिडेव्हिट लागतात. मी हिला इतकी वर्षं ओळखते, अडीअडचणीला हिच्याबरोबर होते, हिची वागणूक चांगली आहे, असं स्टॅम्पपेपरवर. एक नवऱ्याच्या मित्रानं दिलं. दुसरं कोण देणार? मला विचारसुद्धा करावा लागला नाही. भाभी हिरव्या काठाचं ठेवणीतलं लुगडं नेसून नेवाशाला नोटरीकडं आली. चौथी शिकलेली. सही करताना जीभ दाताखाली धरली होती. एकेक अक्षर काढत तिनं नाव लिहिलं आणि म्हणाली, "बघ, आता तुजी हमी माज्या गळ्यात. नीट वाग." आम्ही दोघी वडापाव खाऊन आलो. इतकी खूश मी ह्या देशात पहिल्यांदाच होते.

फायली लावून द्यायला नगरला एक दादा होते. आमच्यासारख्या तिकडून आलेल्या हिंदूंचं काम फुकट करायचे, सगळे त्यांच्याकडंच जायचे. मी, नवरा, भाभी, तिघं गेलो. दादांनी चहा मागवला. म्हणाले, "वहिनी, तिकडचं सांगा ना काहीतरी." मी मुन्शीची गोष्ट सांगितली. सदऱ्यावरचं रक्त, दूधवाला, सगळं. दादा हळहळले. टेबलावर मूठ आपटली. "बघा! साक्षसुद्धा धरत नाहीत आपल्या माणसाची! काय जगायचं तिथं?" मला भरून आलं. माझ्या बाबांचा अपमान कुणीतरी अपमान म्हणून ऐकला, असं वाटलं.

मग त्यांनी फाईल उघडली. दुसऱ्या ॲफिडेव्हिटवर बोट ठेवलं.

"हे नाव काढा वहिनी."

मी म्हणलं, का?

"साक्षीदार आपला पाहिजे."

भाभी माझ्या शेजारच्या खुर्चीवर बसलेली. चहाचा कप तिच्या हातात. दादांनी तिच्याकडं बघितलंसुद्धा नाही. "कायद्यात नाही तसं काही. पण वर बघतात ना लोक. तुमची केस आधीच नाजूक. मजकूर हाच राहू द्या, चांगला आहे. फक्त खाली सही दुसऱ्या कुणाची तरी घ्या."

भाभीनं कप खाली ठेवला. आधार कार्डाची झेरॉक्स टेबलावर पडली होती, ती उचलली, चार घड्या घातल्या, ब्लाउजमध्ये ठेवली. "ऱ्हाऊ दे गं. माज्या सहीनं तुजं काम कशाला आडायचं?" आणि बाहेर जाऊन उभी राहिली.

मी काय केलं? काही नाही. हे लिहिताना मला माझीच लाज वाटते, पण खरं तेच. नवरा म्हणाला, मान्य कर. मी मान हलवली. मला कागद पाहिजे होता. माझा पाकिस्तानी पासपोर्ट संपलेला. तिकडं जाता येत नाही, इकडची मी नाही. बाबा वारले तेव्हा मोबाईलवर बघितलं मी त्यांना. कुणाच्या तरी हातातला मोबाईल, सारखा हलत होता, धड तोंडही दिसलं नाही. सरहद्दीवर काही झालं की पोलीस सामान बांधून ठेवा म्हणतात, तेव्हा माझी पोर दप्तर घेऊन दारात उभी राहते, आईबरोबर जायला. म्हणून मी मान हलवली.

सहीसाठी कोपऱ्यावरच्या काकू तयार झाल्या. मोठी शेतीवाडी, गावात वजन. बाई वाईट नाही. पण पंधरा वर्षांत माझ्या घरचं पाणी प्यालेली नाही. त्यांना घेऊन नेवाशाला गेले. तोच नोटरी, तेच टेबल. त्यानं मजकूर वाचला आणि काकूंना विचारलं, "किती वर्षं ओळखता ह्यांना?"

काकू माझ्याकडं वळल्या. "किती झाली गं?"

मी म्हणलं, पंधरा.

"पंधरा," काकूंनी सांगितलं.

"ह्यांच्या अडीअडचणीला बरोबर होता, असं लिहिलंय. कोणती अडचण?"

काकू परत वळल्या. हळूच विचारलं, "काय झालं हुतं गं? बाळातपन का? कंच्या दवाखान्यात?"

त्या विचारत होत्या आणि माझ्या कानात दूधवाला विचारत होता. उस्ताद, रंग क्या था? तोच प्रश्न. तसंच बिचारं तोंड. आणि ह्या वेळी व्हरांड्यात मी भाभीला उभं केलं होतं. मी. बाबांची पोर. मला स्वतःची शिसारी आली. टेबलावरचा कागद मी उचलला.

"काकू, चला घरी."

"आगं, सही ऱ्हायली की!"

"तुमी काय बघितलंय काकू? जिनं बघितलं ती घरी हाय."

तिथून तशीच नगरला गेले. मजकूर उतरवायला बरोबर आणलेलं भाभीचं ॲफिडेव्हिट दादांपुढं ठेवलं. म्हणलं, फाईल ह्याच सहीनं जाईल. दादा समजावू लागले, "वहिनी, तुमच्यावर तिकडं एवढा अन्याय झाला. निदान तुम्ही तरी समजून घ्या." मी म्हणलं, "दादा, त्या मुन्शीला तुमी शिव्या दिल्या हुत्या. आठवतंय का?" त्यांचं तोंड पडलं. मग लाल झालं. फाईल माझ्याकडं सरकवली आणि म्हणाले, "मग तुमचं तुम्ही बघा."

माझं मी बघितलं. अर्ज मी स्वतः दिला. आज त्याला किती दिवस झाले ते मोजायचं मी सोडलंय. विचारायला गेलं की चालू आहे म्हणतात. दादा फोन उचलत नाहीत. नवरा कामापुरतं बोलतो. म्हणतो, तुझ्या हट्टापायी पोरीचं वाटोळं करशील. काकूंनी गावभर सांगितलं की शेवटी तिकडचीच ती.

आणि भाभी. मला वाटलं होतं, तिला बरं वाटेल. उलट ती भडकली. "तुज्या डोक्यात काय भुस्सा भरलाय का? मी सांगितलं हुतं का तुला? उद्या तुला हाकललं तर लोकं म्हनत्यान मुमताजमुळं गेली. तू जाशील तिकडं, मला हितंच ऱ्हायचंय!" खरंच बोलली ती. तिच्या जागी मी असते तर हेच बोलले असते. त्या दिवसापासून ती भिंतीवरून हाक मारत नाही. पोरीला घेते, खाऊ देते. माझ्याशी बोलत नाही. मला कराचीवाली म्हणून कुणी हाक मारत नाही आता.

तेव्हा ह्यातून काही चांगलं झालं असं मी सांगणार नाही. बहुतेक होणारही नाही. तिकडं मी हिंदू होते, इकडं मी पाकिस्तानची, आणि भाभी स्वतःच्या गावात, स्वतःच्या सहीसकट, बिनकामाची. दोन देश बघितले मी. वहीत नाव खोडायची तऱ्हा दोन्हीकडं सारखीच.

परवा दादांचा निरोप आला, नवऱ्याच्या हाती. अजून वेळ गेलेली नाही म्हणे. त्या बाईची सही बदला, महिन्याभरात काम होईल. नवरा कागद आणि पेन घेऊन माझ्यासमोर बसला. पोर दारात उभी राहून बघत होती. मी पेन घेतलं, टोपण लावलं आणि परत त्याच्या खिशात घातलं.

बाबांनी दूधवाल्याला गाडीचा रंग सांगितला, कारण खाला दवाखान्यात पडली होती. त्यांना सांगावाच लागला. काकूंना मी रंग सांगायचा, तो फक्त माझ्या कागदासाठी. मी सांगणार नाही.