कागद न जाणारं कपाट

जुन्या वस्तूंच्या बाजारात माझ्या मामाला कोणी नावानं ओळखत नाही. "कागदवाला मिस्त्री कुठे बसतो?" असं विचारलं की कुणीही बोट दाखवतं. तो कपाटं करतो, आणि तीही एकाच प्रकारची. लोकांनी हौसेनं जमवलेल्या वस्तू मांडून ठेवायला लागतात ती, काचेच्या दारांची. कपाट तयार झालं की मामा गिऱ्हाइकाला समोर उभं करतो, पातळ कागदाची पट्टी दाराच्या कडेला धरतो, दार लावतो आणि म्हणतो, "ओढा." पट्टी अलगद निसटली तर दार पुन्हा रंध्याखाली जातं. फाटली तर कपाट पास. एकदा एक गिऱ्हाईक वैतागून म्हणालं होतं, "अहो मिस्त्री, मी कपाट सांगितलंय, पाणबुडी नाही." मामावर ढिम्म परिणाम झाला नाही. त्यानं ते दार आणखी एकदा तासलं.

हट्टी माणूस. मला त्याचा लहानपणापासून राग येत आला आहे. अलीकडे तर जास्तच येतो, कारण जे झालं त्याबद्दल रागवायला दुसरं कोणी सापडत नाही.

बाजार महिन्यातून एकदा भरतो, बंद पडलेल्या गिरणीमागच्या मैदानात. मामा तिथे दुरुस्तीला बसतो. सैल झालेल्या बिजागऱ्या, तडकलेल्या काचा, हरवलेल्या मुठी, असली कामं. मामी डबा घेऊन बरोबर जायची. डबा मामाच्या हवाली करायची आणि स्वतः पसार व्हायची. तिला शंख-शिंपल्यांचं वेड होतं. पण समुद्रावरून वेचून आणलेले शंख तिला चालत नसत. कुणाच्या तरी मोडलेल्या संग्रहातलेच हवेत.

"एखादा जन्मभर जीव लावून जमवतो," ती म्हणायची, "आणि तो गेला की पोरं सगळं बुटांच्या खोक्यात भरतात नि इथे आणून ओततात. पोरके होतात गं बिचारे."

असे पोरके ती घरी आणायची. उघड्या फळ्यांवर मांडायची आणि मऊ ब्रशनं स्वतः पुसायची. दुसऱ्या कुणाचा हात लागलेला तिला खपायचा नाही. तिचं मागणं एकच होतं. आपले शंख पुन्हा खोक्यातून त्या मैदानात जाता कामा नयेत. तिला मूलबाळ नाही. मी भाची, आणि राहते वरच्याच मजल्यावर, म्हणून सगळा संग्रह पुढे माझ्याकडे यायचा हे तिनं ठरवून टाकलं होतं. मला विचारलं नव्हतं. विचारलं असतं तरी मी हो म्हटलं असतं, हे तिला माहीत होतं.

बाजारात गिऱ्हाईक थांबलं की मामा कपाटांचा इतिहास सुरू करायचा. पूर्वीच्या श्रीमंतांकडे म्हणे अख्खी खोलीच असायची, वाळवलेल्या मगरीपासून नाण्यांपर्यंत काहीही भरलेली. पुढे ती खोली आकसून कपाटात आली. त्या कपाटांना लाकडी दारं होती, आत बारीक बारीक खण होते, आणि पाहुणा मर्जीतला असेल तरच ती उघडायची. काच स्वस्त झाली तशी दारं काचेची झाली आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला सगळं दिसायला लागलं.

"म्हणजे आधी लपवण्यात मोठेपणा, मग दाखवण्यात," तोवर परत आलेली मामी मध्येच म्हणायची. "पुसणारे हात मात्र तेव्हाही दुसऱ्याचेच."

मामाला त्या जुन्या कपाटांचं कौतुक होतं, पण एक तक्रार होती. "सगळी खुळखुळी. दारातून बोट आत जाईल एवढ्या फटी. कशी टिकली असेल आतली वस्तू?"

मग मामीला अर्धांगवायूचा झटका आला. वाचा शाबूत राहिली, उजवी बाजू गेली. ती पलंगावरून शंखांकडे बघायची आणि त्यांच्यावर धूळ चढताना तिचा जीव वरखाली व्हायचा. मी ब्रश हातात घेतला की म्हणायची, "नको बाई, तू धसमुसळी आहेस." ते खरंच आहे.

मामानं तेव्हा ठेवणीतलं विलायती ओकचं लाकूड बाहेर काढलं. असलं काम पुन्हा होणार नाही म्हणून वर्षानुवर्षं जपून ठेवलेलं लाकूड. त्याचं कपाट केलं, पलंगाच्या बरोब्बर समोर उभं केलं, शंख आत मांडले आणि कागदाची पट्टी मामीच्या डाव्या हातात दिली. तिनं ओढली. फाटली. चारी कडांना लावून झाली, चारी ठिकाणी फाटली. मामी कितीतरी दिवसांनी हसली. "आता धुळीची चिंता मिटली," म्हणाली. त्यानंतर ते दार उघडायचं कुणाला कारणच पडलं नाही.

दोनेक वर्षं बरी गेली. मग एका सकाळी मामी म्हणाली, "अहो, आत धूळ गेलीय."

"शक्य नाही."

"पांढरं दिसतंय. माझे हातपाय गेलेत, डोळे नाहीत गेले."

मामा तणतणत उठला आणि त्यानं दार उघडलं. मी शेजारीच होते. आतून भपकन आंबूस वास आला, व्हिनेगरची बाटली उघडल्यासारखा. मामीच्या सगळ्यात लाडक्या कवडीवर, बिबट्यासारखे ठिपके होते तिच्यावर, पांढरी भुकटी चढली होती. मामानं अंगठ्यानं पुसली. खाली ठिपके नव्हते. चकाकी नव्हती. खडूसारखं खरखरीत काहीतरी होतं.

"धूळच ना?" मामीनं विचारलं.

"धूळच," मामा म्हणाला. दुसरं काय म्हणावं हे तेव्हा त्याला खरंच कळलं नव्हतं.

पुढच्या बाजारात आम्ही ती कवडी रुमालात गुंडाळून शंखवाल्या बाईंकडे नेली. मामी त्यांचं जुनं गिऱ्हाईक. बाईंनी कवडी नाकाशी धरली आणि विचारलं, "कपाटात ठेवलेली?"

"हो. मीच केलंय," मामा म्हणाला. अजूनही त्याच्या आवाजात तोरा होता.

"लाकूड कुठलं?"

"ओक. अस्सल."

"आणि दार घट्ट असेल. तुमचंच ते."

"कागद जात नाही."

बाईंनी कवडी परत रुमालात ठेवली. मामाला बसायला स्टूल दिलं. मग हळूहळू सांगितलं. लाकडातून आंबट वाफ निघत राहते, वर्षानुवर्षं, आणि ओकमधून तर फारच. शंख म्हणजे शेवटी चुनाच. अंड्याचं कवच व्हिनेगरमध्ये टाकल्यावर जे होतं तेच त्याचं होतं, फक्त सावकाश. जुन्या कपाटांना फटी असायच्या, वाफ निघून जायची. "तुमच्यात तिला जायला वाटच नाही हो. माझाही अर्धा माल असाच गेला, तेव्हा कुठे मला कळलं."

"औषध?"

"गेलेलं परत येत नाही. उरलेले बाहेर काढा, प्लॅस्टिकच्या खोक्यात ठेवा. तेवढं तरी वाचेल."

मामाचा चेहरा इतका पडला की मला बघवेना. खोक्यात!

घरी आल्यावर जिन्यातच आमचं भांडण झालं. मी म्हटलं, "आजच काढू या."

"आणि तिच्यासमोर काय ठेवू? रिकामं कपाट? दिवसभर तिला दुसरं काय आहे बघायला?"

"मग तिला खरं सांग."

"काय सांगू? मी माझ्या हातानं..."

"मग बघत बस!" मी म्हटलं. आणि तेच झालं. ठेवले तर डोळ्यांदेखत झिजणार, काढले तर तिच्या मनातली भीती तिच्या हयातीतच समोर येणार. आम्ही दोघांनी हात टेकले.

शेवटी मामानं जे केलं ते मी जन्मात विसरणार नाही. त्यानं कपाट भिंतीपासून पुढे ओढलं आणि त्याच्या मागच्या फळीला ड्रिलनं भोकं पाडली. मग दारं उतरवली आणि कडा तासल्या, फट पडेपर्यंत. ज्या हातांनी जन्मभर फटी बुजवल्या त्याच हातांनी. "काय चाललंय?" मामीनं विचारलं. "दार वाकलंय, नीट करतोय," तो म्हणाला. मी रंध्यानं निघालेल्या ढलप्या झाडूनं गोळा करत होते आणि मला धड रडताही येत नव्हतं.

आंबूस वास कमी झाला. भुकटी वाढायची थांबली की नाही, सांगता येत नाही. पण आता खरीखुरी धूळही आत जायला लागली. मामी सगळं बघत होती. काल दुपारी तिनं एकदम म्हटलं, "अहो, कागद लावा बघू."

"आता कशाला?"

"लावा म्हणते ना."

मामानं पट्टी आणली. कडेला धरली, दार लावलं, दुसरं टोक तिच्या डाव्या हातात दिलं. तिनं ओढली. पट्टी अख्खीच्या अख्खी हातात आली.

मला वाटलं, आता टोमणा येणार. इतकी वर्षं ती या संधीची वाट बघत होती. पण तिनं पट्टीकडे बघितलं, मग मामाकडे.

"म्हातारे झालात हो तुम्ही."

"झालो."

"या फटीनंच घात केला. नाहीतर माझे शंख जन्मभर टिकले असते."

मी तोंड उघडलं. मामानं माझ्याकडे बघितलं आणि मी मिटलं.

"हो," तो म्हणाला. "फटीनंच."

मामीला त्याची दया आली असावी. तिनं डावा हात पुढे केला आणि त्याची बोटं धरली.

"असू दे," ती म्हणाली. "तुम्ही काय ती मुद्दाम ठेवलीत?"