सरकार आमच्या घोंगडीवर बसलं तेव्हा

वांकिडीकडच्या आमच्या गावात उधार मागणाऱ्यानं देणाऱ्याच्या घोंगडीवर बसायचं आणि तीन गोष्टी स्वतःच्या तोंडानं सांगायच्या: डोक्यावर आधी किती कर्ज आहे, उधारीची हद्द किती आणि मी मेलो तर कोण फेडील. सांगितलं की गूळ. फेडलं की पुन्हा घोंगडी, पुन्हा गूळ. जावयालासुद्धा सूट नाही. माझ्या बाबांनी तर सरकारलाच तिच्यावर बसवलं. खोटं वाटत असेल तर घोंगडी अजून घरात आहे, येऊन विचारा तिला.

निजामाचं राज्य जाऊन थोडी वर्षं झाली होती. हैदराबाद राज्य भाषेप्रमाणे वाटायची बोलणी चालली होती. आमचं गाव रोज सकाळी महाराष्ट्रात जायचं आणि दिवेलागणीला तेलुगू मुलखात परतायचं. अशात महसुलाचे गिरदावर साहेब सरकारी कर्जरोखे खपवायला आले. त्यांच्या मिशा एवढ्या की साहेब वेशीत होते तेव्हा मिशा आमच्या ओसरीवर पोचल्या.

बाबा गावचे पटेल. त्यांनी घोंगडी अंथरली.

"पटेल, सरकार घोंगडीवर बसत नाही."

"मंग सरकारले आमचे पैसे काऊन पायजे?"

"हत्यारांचा कायदा बदलून राह्यला. तुमच्या बंदुकीची शिफारस माझ्याच हाती हाये, ध्यानात ठेवा."

आतलं आईचं जातं थांबलं. ती ठासणीची बंदूक गेली तर रानडुकरं उभी ज्वारी फस्त करणार. बंदूक इतकी म्हातारी की उडवण्याआधी तिला खोकला यायचा. पण डुकरं तेवढ्यालाच पळायची.

"शिफारस तुमची, साहेब. घोंगडी माही."

बाबांच्या आधी गावात कुणी रोखा घेणार नाही, हे साहेबांना ठाऊक होतं. मिशा सावरून बसले.

"डोक्शावर किती हाये?"

"मले काय ठाऊक!"

"हद्द?"

"सरकारले कायची हद्द, पटेल?"

"बिनहद्दीच्या माणसाले आमी इळाबी उधार देत नाही."

आठवड्यानं साहेब कागद घेऊन आले. त्यात कर्जाचा आकडा होता, आणि हद्द विधानसभा ठरवते असं लिहिलेलं होतं. बाबा खुलले. "म्हंजे सरकारलेबी विचारणारं कोणी हाये! अन् हे राज्यच मेलं तं?"

साहेबांनी मागे वळून पाहिलं, हळूच म्हणाले, "जो गाव घेईन, तो कर्जबी घेईन."

बाबांनी कापसाचे पैसे मोजले आणि गूळ दिला. मागोमाग सारा गाव लोटला. एका म्हातारीनं तर बकरी आणली. सरकार बकरी घेत नाही म्हटल्यावर तिनं सरकारलाच नावं ठेवली.

आणि राज्य खरंच मेलं. आम्ही आंध्रात गेलो. रोख्याची मुदत भरली त्याच साली बंदुकांच्या परवान्यांची तपासणी निघाली. बाबा काखेत घोंगडी मारून आदिलाबादच्या कचेरीत गेले. नव्या राज्यानं पैपै चुकती केली. बाबांनी तिथंच, भर कचेरीत, घोंगडी पसरली. गिरदावर साहेब समोरच होते, मिशा पिकलेल्या. कुणी न सांगता येऊन बसले, गूळ खाल्ला आणि त्याच बोटांनी परवान्यावरच शिफारस लिहून सही केली: "अर्जदार सरकारचा सावकार आहे. बंदूक राहू द्यावी."

परवाना अजून माझ्याकडे आहे. साहेबांच्या सहीवर मुंग्या चढतात.