गोळ्या घेऊन येजा

दोन हजार सालानंतरची गोष्ट. वर्ध्याच्या एका दवाखान्यात मी इकोच्या, म्हणजे हृदयाच्या सोनोग्राफीच्या खोलीत मदतनीस होतो. गुडघ्यांमुळे ज्यांना फिरत्या पट्ट्यावर चालवून तपासता येत नसे, त्यांना शिरेतून औषध देऊन पडल्या जागी त्यांचं हृदय पळवायचं आणि पळताना त्याची एखादी भिंत मागे पडते का, ते पडद्यावर बघायचं, अशी एक तपासणी आम्ही करायचो. मी रुग्णांना म्हणायचो, तुम्ही झोपा, धावायचं काम औषधाकडे.

नालवाडीचे एक गुरुजी आले. मराठी शिकवून निवृत्त झालेले. गुडघ्याच्या ऑपरेशनआधी सर्जनला त्यांच्या हृदयाचा भरवसा हवा होता. नाडी हळू ठेवणारी गोळी दोन दिवस आधी बंद ठेवा आणि सगळ्या गोळ्यांची पाकिटं दाखवायला आणा, असं डॉक्टरांनी मला त्यांना सांगायला लावलं होतं. मला जेवायची घाई. मी एवढंच म्हणालो, "गुरुजी, सोमवारी गोळ्या घेऊन येजा."

गुरुजी घेऊन आले. पोटात.

औषधाचं प्रमाण वाढवत गेलो, पण नाडी चढेना. पडद्यावर हृदय डोहात बसलेल्या म्हशीसारखं निवांत. घाम फुटला तो डॉक्टरांना. विचारल्यावर गुरुजी म्हणाले, गोळी सकाळीच घेतली, सांगितलं होतं तसं. डॉक्टर चिडले. इतकी वर्षं शाळेत काढून तुम्हाला साधं बोलणं कळत नाही का, असं सगळ्यांसमोर बोलले. गुरुजींनी माझ्याकडे पाहिलं. मी मशीन पुसत राहिलो. मग डॉक्टरांनी सांगितलं ते फाइलमध्ये लिहिलं: 'रुग्णाने सूचना पाळली नाही.' अक्षर माझं.

पुढच्या सोमवारी गोळी बंद ठेवून तपासणी झाली. हृदय असं पळालं की सगळ्या भिंती जोमानं काम करताना दिसल्या. ऑपरेशनचा मार्ग मोकळा झाला. छातीवरचं जेल पुसताना मी हळूच म्हणालो, "गुरुजी, चूक माझी होती."

"मले मालूम आहे. 'घेऊन'चे दोन अर्थ होतात हे जन्मभर पोरायले शिकवलं, अन् मीच फसलो. हे डॉक्टरले काऊन सांगू?" ते पोट धरून हसले. मग म्हणाले, "पण फाइलमधली ती ओळ खोडजो, बाबा."

मी हो म्हणालो. खोडायची तर डॉक्टरांना खरं सांगावं लागणार होतं. तेवढी हिंमत झाली नाही.

नव्या गुडघ्यांनी गुरुजी बाजारात चालत यायचे. मी दिसलो की विचारायचे, "खोडली का?" मी म्हणायचो, उद्या. ते म्हणायचे, कोणता उद्या ते सांगत जा, काळ कळत नाही. आणि दोघंही हसायचो. माझं हसू मात्र घरी पोचेपर्यंत टिकत नसे.

आता गुरुजी नाहीत, फाइल रद्दीत गेली असेल. म्हणून ती ओळ इथेच खोडतो आणि माझ्याच अक्षरात पुन्हा लिहितो: रुग्णाने सूचना तंतोतंत पाळली.