अप्पांची जीप आणि आईची येळवस

आमच्या मुडबीकडं येळवस म्हणजे अख्खं गाव रानात. मार्गशीर्षातल्या त्या अमावास्येला घराघराला कुलूप, आणि ज्याच्या त्याच्या शेतात कडब्याची कोप, म्हणजे छोटी खोप. कोपीत पाच पांडवांची पूजा करायची, मग शेंगा-पालेभाज्यांची भज्जी, बाजरीचे उंडे आणि ताकातली गार आंबील. त्या दिवशी गावात मागं राहतो तो एकतर परका, नाहीतर अंथरुणाला खिळलेला. त्या वर्षी आमची आई अंथरुणाला खिळलेली होती. गुलबर्ग्याच्या डॉक्टरांनी अप्पांना आणि मला बाहेर बोलावून सांगितलं होतं, पुढचा हिवाळा काही ती बघणार नाही. तिला यातलं काही ठाऊक नाही, असं आम्ही दोघं खुशाल समजून चाललो होतो.

तिला चालवत नव्हतं, बैलगाडीचे हिसके सोसत नव्हते. काका म्हणाले, "वहिनीला बाजंवर घालून नेऊ की. चौघं खांदा देतेत."

आईनं त्यांच्याकडं असं बघितलं की काकांनी टोपीच काढून झटकली. "खांद्यावर न्यायला मी काय मेलेली हाय का? न्यायचं तर बसवून न्या. न्हाईतर मी हितंच बरी!"

राहिली अप्पांची जीप. हैदराबादला लिलावात घेतलेली, गाणगापूरच्या यात्रेकरूंची भाडी मारणारी. भाऊ पुण्याला कंपनीत गेला, पण घर अजून तिच्यावरच चालायचं. चारी चाकांना जोर लागणारी गाडी होती ती, पण नेमका परवाच अवकाळी पाऊस पडून गेला होता आणि वाट सगळी काळ्या मातीची. आदल्या साली त्याच वाटेत एकाची जीप रुतली होती. गड्यानं दणादण रेस दिली, गरागरा फिरणारं चाक एकदम खालच्या दगडावर टेकलं आणि आतला एक्सल काडकन मोडला. उन्हाळ्यापर्यंत त्या जीपमध्ये कोंबड्या अंडी घालायच्या. आमची गाडी तशी मध्येच मोडली असती तर आईला उचलूनच न्यावं लागलं असतं. ती तसली हट्टी, तिथूनच मागं फिरवायला लावलं असतं तिनं.

सकाळी अप्पांनी आईला शेजारच्या सीटवर बसवलं, लुगड्याच्या घडीनं तिची पाठ टेकवली. मी मागं, मांडीवर आंबिलीचं मडकं. डांबरी सोडून वाटेला लागायच्या आधीच अप्पांनी गाडी पुरती थांबवली. मोठ्या गिअरच्या बाजूला दोन छोटे लिव्हर होते. एक ओढला की पुढची चाकं जोडली जायची, दुसऱ्यानं गाडी गोगलगाय व्हायची, पण ताकद दुप्पट. दोन्ही टाकले, चपला काढल्या, आणि गाडी हलताच क्लचवरचा डावा पाय उचलून बाजूला ठेवला; चालत्या गाडीत चिखलात क्लच दाबला की जोर तुटतो.

जीप चिखलात शिरली. ओघळीपाशी मागचं चाक जागच्या जागी फिरलं आणि मी मडकं घट्ट धरलं. आजूबाजूच्या कोपींतून माणसं धावत आली. "रेस द्या, अप्पा! अजून रेस द्या!" काका तर नाचायचेच बाकी होते. अप्पांनी रेसवरचा पाय काढूनच घेतला. "ओरडायलाव कामून? फिरत्या चाकाला जोर दिला की मोडलंच समजा." खाली उतरून त्यांनी खुरप्यानं चाकांना लगडलेली माती खरवडली, लोकांकडून तुराट्या मागवून चाकांपुढं अंथरल्या. मग गाडी जराशी मागं, आणि मग पुढं. आवाज म्हणावा तर इतका हळू, की मला मडक्यातली आंबील डुचमळलेली ऐकू आली. तळ्यातून म्हैस निवांत वर येते तशी जीप ओघळीतून वर आली. मी अप्पांची गाडी जन्मापासून बघत होते, पण त्या दिवशी अंगावर काटा आला. एवढा मोठा लोखंडाचा गाडा, आणि आईच्या डोक्यावरचा पदरसुद्धा हलला नाही.

आई कोपीपुढं बसली. ज्वारी कणसाला आलेली, हरभरा घाट्यांनी भरलेला. अप्पा पिकात आंबील शिंपडत फिरत होते आणि ती नुसती बघत होती. जेवली घासभरच, पण काकूच्या भज्जीला नावं ठेवायला विसरली नाही.

दिवस कलल्यावर निघालो. येताना वाट आणखी सुकली होती, गाडी सरळ वर डांबरीवर आली. तिथं पोचताच छोटे लिव्हर काढायचे असतात. चिखलात चाकं घसरून ताण मोकळा होतो, डांबरीवर तो कुठं जाणार? पुढची आणि मागची चाकं एकमेकांना ओढत बसतात आणि आतले दाते फुटतात. अप्पा हे मला झोपेतही सांगतील. पण त्या दिवशी ते आईकडं बघत होते आणि आई मान वळवून शेताकडं. बाभळींच्या वळणाआड शेत दिसेनासं झालं तेव्हा स्टिअरिंग दगडासारखं झालं होतं. अप्पांनी लिव्हर ओढला. हलेना.

"जोर नका लावू," आईच म्हणाली. "मागं घ्या."

अप्पांनी रिव्हर्स टाकला. जीप सरळ, सावकाश मागं सरकली आणि जराशा अंतरात खालून 'खट्' आवाज झाला. ताण सुटला. अप्पांच्या हातानं दोन्ही लिव्हर अलगद सुटे केलेले मी मागून बघितले. पण गाडी थांबली नाही. ती मागंच जात राहिली. बाभळी पुढं गेल्या आणि आईच्या बाजूला आमची ज्वारी पुन्हा उघडी झाली, उन्हात लखलखती, कोपीसकट.

"सुटंना झालाय," अप्पा म्हणाले. हात मोकळ्या लिव्हरवर तसाच.

एवढी वर्षं त्या सीटवर बसून आई त्या जीपचा आवाज न् आवाज ओळखायची. तो 'खट्' तिनं ऐकला नसेल, हे कसं शक्य आहे? तिनं पदर सारखा केला, शेतावरची नजर हलवली नाही.

"व्हय," ती म्हणाली, "सुटंना झालाय. अजून थोडं मागं घ्या."